साहित्य तेच, आच वेगळी: जगभरच्या सोप्या पदार्थांची नोंद

या महिन्यात नवीन पदार्थ जवळजवळ नाहीतच, जुनेच घोटले. वहीत आधी नुसती मापं लिहायचे. आता आच किती आणि कुठली वस्तू केव्हा पडली, हे लिहिते. परदेशी सॉसच्या बाटल्या जमवण्यापेक्षा त्याने चवीत जास्त फरक पडतोय.

सर्वात जास्त वेळ खाल्ला तो आल्यो ए ओल्योने. नेपल्सचा पास्ता. स्पॅगेटी, लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी मिरची, वरून पार्सली. लपायला जागाच नाही. दोघांना 200 ग्रॅम स्पॅगेटी, लसणाच्या 4-5 पाकळ्या, साधारण 60 मिली तेल. लसणाचे काप गार तेलात घालायचे आणि मगच गॅस लावायचा, तोही मंद. कडा जेमतेम पिवळसर झाल्या की मिरची, आणि लगेच पास्त्याचं पाणी पळीभर. लसूण तपकिरी झाला की कडवटपणा काही केल्या जात नाही. पास्ता दीड लिटर पाण्यातच उकडते, कारण पाणी कमी तितका त्यात उतरलेला स्टार्च दाट, आणि तेल-पाणी एकजीव करतो तो स्टार्चच. पाकिटावरच्या वेळेच्या 2 मिनिटं आधी पास्ता काढून पुढचं शिजणं तेलाच्या पॅनमध्ये, मोठ्या आचेवर, सतत हलवत. सुरुवातीला खाली पाणी आणि वर तवंग असं दिसतं. मग एकदम रस दुधट होतो आणि स्पॅगेटीला धरून बसतो. पाणी आटलं की मीठ वर येतं, म्हणून लिटरला 10 ग्रॅमऐवजी 7.

शक्षुका आता हातात बसलाय. टोमॅटो-मिरचीच्या रसातून चमचा ओढल्यावर वाट क्षणभर उघडी राहिली पाहिजे, तेव्हाच खळगे करून अंडी फोडायची. झाकण, मंद आच, पाचेक मिनिटं. पिवळा बलक हलता हवा.

मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट; तिच्या सूपचं सगळं गणित आच बंद करण्यात आहे. लिटरभर गार पाण्यात 10 ग्रॅम कोंबू (सुकवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजवून हळूहळू तापवायचं, उकळी फुटायच्या आत कोंबू बाहेर. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी 1908 मध्ये ग्लुटामेट, म्हणजे उमामी चव देणारा घटक, वेगळं काढलं ते याच शेवाळातून, आणि पहिल्या घोटातच ते का शोधावंसं वाटलं असेल ते कळतं. मिसो मात्र गॅस बंद केल्यावर, पळीत कालवून. उकळलं की वास उडतो, उरतो नुसता खारटपणा.

थाय ग्रीन करीवर काम चालू आहे. नारळाचं घट्ट दूध तेल सुटेपर्यंत आटवून त्यात पेस्ट परतायची, पण डब्यातल्या दुधात इमल्सिफायर (तेल आणि पाणी वेगळं होऊ न देणारा पदार्थ) असेल तर ते फुटतच नाही. तूर्तास चमचाभर तेल वरून घालून पेस्ट परततेय. ताज्या नारळाच्या दुधावर कुणी केली असेल तर किती आच ठेवता, तेवढं सांगा.