सापळ्यातले तीन कण: मॅट्रिक्स चालवण्याआधी सममिती

सापळ्यातल्या तीन कणांच्या ऊर्जा संगणकावर काढायच्या, हा प्रोजेक्ट नांदेड-संभाजीनगरच्या एमएस्सीवाल्यांनी बेलाशक घ्यावा. साधा लॅपटॉप पुरतो. फक्त सममिती, म्हणजे कणांची अदलाबदल किंवा आरशातलं उलटं केल्यावर काय तसंच राहतं ते, आधी वापरायची.

एकमितीय हार्मोनिक सापळा (स्प्रिंगसारखा कणाला मध्याकडे ओढणारा), सारख्या वस्तुमानाचे तीन कण, आणि दोन कण एका जागी आले तरच लागू होणारं प्रतिकर्षण; त्याच्या ताकदीला जी (g) म्हणू. प्रत्येक कणाला 20 पातळ्या दिल्या की बेसिस, म्हणजे तिघांच्या पातळ्यांच्या सगळ्या जुळण्यांचा संच, 8000 चा होतो. नुसतं मॅट्रिक्स साठवायला 512 एमबी. बोसॉन (अदलाबदल केली तरी वेव्ह फंक्शन तेच राहणारे एकसारखे कण) असतील तर पातळ्या चढत्या क्रमानेच घ्या, 1540 उरतात. पॅरिटीने, म्हणजे डावं-उजवं उलटवल्यावर चिन्ह तेच राहतं (सम) की बदलतं (विषम) यावरून, वेगळं केलं की 770 चे दोन ठोकळे. एकेकाला पाच एमबीही लागत नाही.

ऊर्जा एचबार-ओमेगात, म्हणजे सापळ्याच्या दोन पातळ्यांतल्या अंतरात, मोजू. आता कण बोसॉनच असायला हवेत असं नाही, सगळ्या सममिती पाहू. जी शून्य असताना सममित अवस्था 1.5 वर, पॅरिटी सम. मिश्र सममितीची (अदलाबदलीत ना पूर्ण तशीच राहणारी, ना फक्त चिन्ह बदलणारी) एक जोडी 2.5 वर, विषम, दुसरी 3.5 वर, सम. प्रतिसममित (कोणतेही दोन कण बदलले की चिन्ह उलटणारी) 4.5 वर, विषम. ही शेवटची जागची हलत नाही, कारण दोन कण जिथे भेटतात तिथे तिचं वेव्ह फंक्शन शून्यच असतं. बाकीच्या, जीची किंमत वाढेल तशा, चढत जातात आणि अनंताला सगळ्या 4.5 वर भेटतात: 1+2+2+1, सहा. शेताच्या अरुंद बांधावर कुणाला कुणाच्या पुढे जाता येत नाही, तसे कण अडकतात. तीन कणांचे सहा क्रम सुटे पडतात आणि प्रत्येकाची ऊर्जा तीच. या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

3.5 वर मिश्र जोड्या दोन दिसतील. एक 2.5 चीच, वस्तुमानकेंद्र एक पायरी वर गेलेली, ती 5.5 कडे जाते. तिला वेगळं ओळखायचं तर मर्यादा प्रत्येक कणावर नको, तिन्ही पातळ्यांच्या बेरजेवर घाला. नाहीतर वस्तुमानकेंद्राची आणि सापेक्ष गती एकमेकांत मिसळते.

जी मोठा केल्यावर सममित अवस्था 4.5 च्या वर गेली, तर कोड चुकलंच असं नाही. कण भेटतात तिथे वेव्ह फंक्शनला टोक येतं आणि हार्मोनिक बेसिसची गुळगुळीत फंक्शन्स ते नीट पकडत नाहीत. पातळ्या चौपट केल्या तरी त्रुटी साधारण निम्मीच होते. म्हणून वेगवेगळ्या बेसिसची उत्तरं पातळ्यांच्या वर्गमुळाच्या व्यस्तासमोर मांडून शून्यापर्यंत रेषा वाढवा.

त्याआधी दोन बोसॉनवर कोड तपासा. त्यांचं नेमकं उत्तर 1998 पासून उपलब्ध आहे: जी, सापळ्याच्या एककात, 2.09 असताना सर्वात खालची ऊर्जा 1.5 यायला हवी. पहिल्या क्रमाचा पर्टर्बेशन (जी लहान मानून काढलेलं अंदाजी उत्तर) तिथे 1.83 देतो, त्यावर विसंबू नका.