अर्धी भाकरी

"४३. मागच्या महिन्याएवढंच." सिस्टरने आकडा सांगितला आणि काट्यावरची मुलगी सुटल्यासारखी हसली. सातवा महिना तिचा.

नंतर बाकावर शेजारी बसली. विचारलं, जेवण जात नाही का गं?

"भूक लागते की ताई. पण घरी म्हणतात, जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं, मग सिझर करावं लागतं. म्हणून रात्री अर्धीच भाकरी."

दिवसभर तेवढंच डोक्यात आहे. अर्धी भाकरी. भूक लागलेली असताना.

माझ्या घरी याच्या अगदी उलट, "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा." तेही बरोबर नाही. मुळातलं वजन उंचीला साजेसं असेल तर नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढावं. कमी असेल तर थोडं अधिक, जास्त असेल तर कमी. त्यात बाळ फक्त तीनेक किलो. बाकी वार, गर्भजल, वाढलेलं रक्त, आणि पुढे अंगावर पाजायला शरीराने राखून ठेवलेली चरबी. त्यासाठी रोज ३५० च्या आसपास कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ, मूठभर शेंगदाणे. आपल्या प्रत्येक घरात असतं हे!

तिला एवढंच म्हणाले, मला सांगितलंस ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांग. तिने मान हलवली.

नाव पुकारलं तेव्हा सासूबाईही तिच्याबरोबर आत गेल्या.

सांगितलं असेल का तिने?