ट्रॅक्टरवाल्या फर्ग्युसनची मोटार

ब्रिटिश जीटी, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान आणि आरामशीर गाड्यांचा विषय निघाला की आपल्याकडचे गाडीवेडे लगेच जॅग्वार ई-टाइप नाहीतर अ‍ॅस्टन मार्टिन डीबी 5 वर येतात, आणि त्या दिसायला भारी आहेतच, त्यात वादच नाही. पण मला विचाराल तर त्या काळातली डोक्यानं सगळ्यात पुढची गाडी तिसरीच, जेन्सन एफएफ. नाव ऐकलं नसेल तर काही वाटून घेऊ नका, 1966 ते 1971 मध्ये मिळून बनल्याच मुळात 320. पण मराठवाड्यातल्या माणसानं तरी ही गाडी माहीत करून घ्यायला पाहिजे, कारण एफएफ म्हणजे फर्ग्युसन फॉर्म्युला, आणि हा फर्ग्युसन म्हणजे आपल्या वावरात चालणाऱ्या मॅसी ट्रॅक्टरच्या बोनेटवर ज्याचं नाव आहे तोच.

हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा पोरगा. 1909 मध्ये स्वतः बनवलेलं विमान स्वतःच उडवलं, आयर्लंडमध्ये त्याच्याआधी कोणी ते केलं नव्हतं. पण नाव झालं ते ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री पॉइंट लिंकेजमुळं. त्याच्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागं नुसता ओढत न्यायचे, नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टरचं तोंड वर आणि ड्रायव्हर खाली, त्यात माणसं मेली. फर्ग्युसननं नांगर हायड्रॉलिकवर ट्रॅक्टरलाच जोडून टाकला, त्यामुळं नांगराचा जोर मागच्या चाकांवर यायला लागला आणि हलका ट्रॅक्टर पण जड काम ओढायला लागला. 1938 मध्ये हेन्री फोर्डसोबत नुसतं हात मिळवून सौदा केला, कागद नाही काही नाही, मग पुढं व्हायचं तेच झालं, कोर्टकचेरी, आणि 1952 मध्ये फोर्ड कंपनीकडून 92.5 लाख डॉलर घेऊन मिटवलं. 1953 मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये गेली, आणि तिथून मॅसी फर्ग्युसन, आणि तिथून आपल्याकडं मॅसी बनवणारी टॅफे.

त्या काळात त्याच्या डोक्यात दुसरंच खूळ होतं, मोटारगाडी घसरलीच नाही पाहिजे. म्हणजे चारही चाकांना ताकद आणि ब्रेक मारल्यावर चाक जाम होणार नाही अशी सोय. फ्रेडी डिक्सन आणि टोनी रोल्ट हे दोन रेसर सोबतीला होते. यातला रोल्ट म्हणजे वेगळंच प्रकरण, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कोल्डिट्झ किल्ल्यात कैदी होता आणि तिथं कैद्यांनी माळ्यावर लपून जे ग्लायडर बनवलं त्या कारस्थानात हा होता, आणि वर 1953 ची ल मॉन्स रेस पण जिंकलेला. (याच्यावर एक वेगळी पोस्ट लिहायची आहे, कधी होईल माहीत नाही.) इंजिनिअर क्लॉड हिल, तो आधी अ‍ॅस्टन मार्टिनला होता.

आता मुद्द्याचं. काळ्या मातीत ज्यानं पावसाळ्यात ट्रॅक्टर घातलाय त्याला डिफ्रन्शिअल, म्हणजे दोन चाकांना कमी-जास्त फिरू देणारा गिअरचा जोड, शिकवायची गरज नाही. एक चाक चिखलात जाग्यावरच फिरायलंय, चिखल मागच्या माणसाच्या तोंडावर उडायलाय, आणि दुसरं चाक कोरड्यावर असून ढिम्म हलत नाही. तेव्हा बांधावरून कोणीतरी ओरडतंच, "दादा, लॉक दाब की लॉक!" मग टाचेनं डिफ लॉकचा पेडल दाबला की दोन्ही चाकं एक होतात आणि गडी बाहेर येतो. पण लॉक तसाच ठेवून वळवलं तर ट्रॅक्टर वळत नाही, कारण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून तर डिफ्रन्शिअल असतं.

फोर व्हील ड्राइव्ह मोटारीत हीच अडचण पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये येते. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा जरा जास्त फिरतात, म्हणून दोन्ही अ‍ॅक्सल थेट जोडले तर डांबरी रोडवर टायर घासतात आणि गिअर आवळतात. मधे डिफ्रन्शिअल टाकला तर पुढचं चाक घसरलं की सगळी ताकद तिकडंच पळते. फर्ग्युसनच्या लोकांनी मधे असा डिफ्रन्शिअल बसवला की 37 टक्के ताकद पुढं आणि 63 टक्के मागं, आणि त्याला दोन वन-वे क्लच, म्हणजे एका दिशेला मोकळे सोडणारे आणि दुसऱ्या दिशेला धरणारे. वळताना लागतो तेवढा थोडा फरक ते चालू देतात, त्याच्यापुढं पुढचं किंवा मागचं पळायला लागलं की क्लच धरतो आणि दोन्ही अ‍ॅक्सल आपोआप एक. पेडल नाही, बटण नाही, ड्रायव्हरला कळत पण नाही. डिफ लॉक दाबून दाबून ज्याची टाच दुखलीय त्यालाच याची खरी किंमत कळेल.

आणि ब्रेक तर त्याच्यावर कडी आहे. डनलॉपचं मॅक्सारेट म्हणून विमानाच्या चाकांसाठी बनवलेलं यंत्र होतं. आत एक छोटं फ्लायव्हील, चाकासोबत फिरणारं. चाक एकदम जाम व्हायला लागलं की फ्लायव्हील आपल्या जोरात पुढं फिरत राहतं, आणि त्या दोघांच्या फरकातून व्हॉल्व्ह उघडतो, ब्रेकचं प्रेशर सुटतं, चाक परत फिरतं, परत प्रेशर येतं. कम्प्युटर नाही, सेन्सर नाही, नुसतं लोखंड. 1958 मध्ये इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीनं हे चक्क रॉयल एन्फिल्डच्या सुपर मेटिऑरवर बसवून बघितलं होतं, म्हणजे बुलेटवाल्यांनी एबीएसला (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी हीच सोय) नावं ठेवायच्या आधी जरा थांबावं! जेन्सनमध्ये मॅक्सारेट एकच, ट्रान्समिशनवर बसवलेलं, कारण मधल्या डिफ्रन्शिअलनं पुढचं-मागचं आधीच बांधलेलं, त्यामुळं प्रत्येक चाकावर वेगळं लावायची गरजच पडली नाही. मला सगळ्यात जास्त हीच गोष्ट आवडते, एका युक्तीनं दुसरी युक्ती स्वस्त झाली. बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं 1978 ला, ऑडीची फोर व्हील ड्राइव्हवाली क्वात्रो आली 1980 ला. आपल्या शेंद्र्याला ऑडी जोडतात त्यातल्या क्वात्रोचं कौतुक करताना हे साल लक्षात ठेवा, 1966.

फर्ग्युसननं स्वतः यातलं काहीच विकलेलं बघितलं नाही. मोठ्या मोटार कंपन्यांनी घेतलं नाही आणि 1960 मध्ये तो गेला. 1961 मध्ये त्याच्याच कंपनीची पी 99 रेसकार घेऊन स्टर्लिंग मॉसनं ओल्या ट्रॅकवर औल्टन पार्कचा गोल्ड कप मारला, आणि फॉर्म्युला वनची रेस जिंकणारी फोर व्हील ड्राइव्ह गाडी आजपर्यंत तेवढी एकच.

शेवटी हे घेतलं कोणी, तर बर्मिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रॉमविचच्या जेन्सन नावाच्या छोट्या कंपनीनं. रिचर्ड आणि अ‍ॅलन या दोन भावांची. त्यांची इंटरसेप्टर आणि एफएफ दोन्ही 1966 ला आल्या, बॉडीचं डिझाइन मिलानच्या टूरिंग कंपनीचं, सुरुवातीच्या बॉड्या तुरीनला विन्याले कंपनीत बनल्या, इंजिन अमेरिकेच्या क्रायस्लरचं 6.3 लिटर व्ही 8, गिअरबॉक्स पण त्यांचाच ऑटोमॅटिक. मागं ती भलीमोठी गोल काच, जी अख्खी वर उघडते. भावांना म्हणे बाहेरून डिझाइन आणणं आवडलं नव्हतं, आणि थोड्याच दिवसात दोघंही कंपनीतून बाहेर पडले. मला विचाराल तर काच सोडून बाकी काही विशेष सुंदर नाही, तोंड जरा रागीट दिसतं.

मग चालली का नाही? एक तर महाग, साध्या इंटरसेप्टरपेक्षा जवळपास दीडपट. दुसरं असं की आतल्या यंत्रांची मांडणीच अशी झाली होती की स्टिअरिंग डावीकडं नेताच येत नव्हतं, म्हणजे अमेरिकेचं मार्केट गेलं, आणि महागड्या जीटी विकायच्या तर गिऱ्हाईक तिथंच. इंटरसेप्टर मात्र पुढं 7.2 लिटर इंजिन घेऊन चालत राहिली, 1973 ला पेट्रोलची बोंब झाली आणि 1976 ला कंपनीच बंद पडली. लिटरला चार-पाच किलोमीटर देणारी गाडी त्या वर्षांत कोण घेणार?

आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडंच असल्यामुळं ती एक अडचण नसती, पेट्रोलचं मात्र मी काही बोलत नाही. आणि हो, यूट्यूबवर जेन्सनचा व्हिडिओ दिसला तर पुढच्या चाकाच्या मागं बघा. बोनेटच्या बाजूला दोन फटी असतील तर एफएफ, एकच असेल तर इंटरसेप्टर. अर्धे व्हिडिओवाले हे सांगतच नाहीत आणि खाली कमेंटमध्ये भांडणं लागलेली असतात.