साप्ताहिक मराठी वही: दिवाळीनंतरची नोंद

मुलांसोबत मराठीची साप्ताहिक वही ठेवणाऱ्यांसाठी ही पुढची नोंद. माझी लेक सहावीत आहे, शाळा मराठी माध्यमाची, घर नाशिकला इंदिरानगरात. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सुरू केलेली वही आता संपत आली आहे. दुसऱ्या सत्रात तिची मांडणी पक्की बसली, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

वही लाँगबुक आकाराची, एकेरी रेघांची. एक आठवडा म्हणजे एक जोडपान. उजवं पान सोमवारपासून भरत जातं: गृहपाठ काय दिला, धड्यात कोणते शब्द अडले, उत्तरांचे कच्चे मुद्दे. पक्की उत्तरं शाळेच्या वहीत जातात. डावं पान शनिवारपर्यंत कोरं ठेवायचं, अगदी जागा अपुरी पडली तरी. या कोऱ्या पानावर माझा सगळा भर आहे, कारण मूल भाषा शिकतं ते बहुतेक तिथेच. आठवडाभर जे घाईत लिहिलं, त्याच्याकडे शनिवारी निवांत बघायचं आणि समोरच्या पानावर स्वतः दुरुस्त करायचं. दोन्ही पानं एकदम डोळ्यांसमोर असतात, मागे उलटावं लागत नाही.

2023-24 पासून दोन वर्षं बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची पानं जोडलेली होती, ते आठवत असेल. 2025-26 पासून ती काढली. कल्पना मला आवडली होती, पण ती पानं धड्याला बांधलेली होती. धडा कधी चार दिवसांत आटोपतो, कधी पंधरवडा रेंगाळतो. आठवडा मात्र ठरलेल्या दिवशी संपतो, म्हणून मुलाला त्याची सवय लागते.

शनिवारचं पहिलं काम शुद्धलेखन. बाईंनी शाळेच्या वहीत लाल शाईने गोल केलेले शब्द ती डाव्या पानावर उतरवते. नुसता बरोबर शब्द पाच वेळा लिहायचा नाही, त्याच्यासारखे आणखी शब्द शोधायचे. दिवाळीनंतर ‘चूलीवर’ला गोल आला. तिने खाली ‘चूल – चुलीवर’ लिहिलं आणि घरभर फिरून भावंडं गोळा केली: मूल – मुलाला, फूल – फुलाचा, बहीण – बहिणीने, जमीन – जमिनीत, खीर – खिरीत. मग तिचीच शंका आली, ‘शरीर – शरिराला’ का नाही? तिथे मला तत्सम शब्दांचा अपवाद सांगता आला. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आपली दीर्घ वेलांटी सोडत नाही, म्हणून शरीराला, गीताचा, जीवाचा. शुद्धलेखनाचे हे नियम 1962 चे, 1972 साली त्यांत चार नियमांची भर पडून एकूण अठरा झाले. अठराही नियम एकदम पाठ करून घेणारे पालक मला भेटले आहेत. मी तसं करणार नाही. चूक समोर आली की त्या आठवड्यापुरता एकच नियम, आणि उदाहरणं मुलाने शोधलेली. तो विसरला जात नाही, हे आमच्याकडे दिसतंय.

अक्षराबद्दल एक छोटी नोंद. पाठ्यपुस्तकात पाकळीचा ल आणि देठाचा श असतो, फोनवर बहुतेक वेळा दुसरीच वळणं दिसतात. लेकीच्या लिहिण्यात दोन्ही मिसळायला लागली होती. आता वहीत मराठी वळणच, यावर मी ठाम आहे. रोज दोन ओळी अनुलेखन पुरतं.

दुसरं काम शब्दांचं, आणि यात आम्हाला सर्वांत जास्त गोडी लागली आहे. नियम एवढाच की डाव्या पानावरचे शब्द पुस्तकाबाहेरचे हवेत आणि कोणाच्या तरी तोंडून ऐकलेले हवेत. सुट्टीत निफाडला आजोबांकडे गेलो तेव्हा तिने द्राक्षबागेत उभं राहून लिहून घेतलं: खरड छाटणी एप्रिलमधली, गोडी छाटणी ऑक्टोबरमधली, मग ओलांडा, काडी, घड, विरळणी. कांद्याचे तर पोळ, रांगडा आणि उन्हाळ असे तीन हंगाम निघाले, आणि साठवण म्हटली की चाळ. प्रत्येक शब्दापुढे कोणी सांगितला तेही लिहिते. आजोबा शेजारी बसून तिचं लिहिणं तपासत होते, ‘अगं, विरळणी म्हणजे नुसती तोडणी नव्हे, मणी मोठे व्हावेत म्हणून जागा करायची,’ असं म्हणाले ते तिने तसंच्या तसं उतरवलं. व्याख्या म्हणून मला ती कुठल्याही शब्दकोशातल्या अर्थाइतकीच चोख वाटते.

याचा फायदा निबंधात झाला. ‘नदीला आलेला पूर’ हा विषय आला तेव्हा उजव्या पानावर पहिला मसुदा ठरावीक होता: मुसळधार पाऊस, हाहाकार, निसर्गापुढे माणूस हतबल. शनिवारी मी एवढंच विचारलं, की यातलं तू स्वतः काय पाहिलंस? नाशिकच्या मुलाला हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव एकच प्रश्न विचारतं, ‘दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं?’ गोदावरीच्या पात्रातली ही मूर्ती म्हणजे आमची पुराची मोजपट्टीच. डाव्या पानावर मग अशी वाक्यं आली: ‘मारुतीच्या कमरेला पाणी लागलं तेव्हा बाबांनी गाडी वरच्या गल्लीत नेली. भांडी बाजारातले दुकानदार हंडे आणि घागरी माळ्यावर चढवत होते. आम्ही पुलावरून बघत होतो आणि कोणी बोलत नव्हतं.’ बाईंनी वर्गात हा निबंध वाचून दाखवला. ‘हाहाकार’ शब्द त्यात कुठेही नव्हता, आणि पूर मात्र पुरेपूर होता.

स्वमताचे प्रश्न अजून अवघड जातात. गाइडमधलं तयार उत्तर हाताशी असलं की ते उतरवण्याचा मोह होतो. त्यावर सध्या एक उपाय चालू आहे: उत्तर लिहिण्याआधी ते मला किंवा आजीला तोंडी सांगायचं, पुस्तक मिटून. सांगताना जे वाक्य सहज निघेल तेच लिहायचं. आजी मध्येच ‘असं का गं?’ विचारते, त्याने दुसरा मुद्दा सुचतो. उत्तरं लहान झाली आहेत पण तिची स्वतःची आहेत. गुण लगेच वाढले नाहीत, तरी मी हा उपाय सोडणार नाही.

श्रुतलेखन आठवड्यातून एकदा, सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, आणलेल्या पुस्तकातल्या एका परिच्छेदाचं. हे वाचनालय 1840 पासूनचं, तिथलं वातावरणच असं की मूल आपोआप हळू बोलायला लागतं. पुस्तक तिने निवडायचं, परिच्छेद मी.

साहित्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: शाईपेन वापरणार असाल तर पातळ कागदाची वही घेऊ नका. शाई मागे उमटली की डावं पान बिघडतं आणि सगळी मांडणीच फसते. मेन रोडवर वही घेताना पान उजेडात धरून बघते, दुकानदारही आता ओळखतात. उजवं पान निळ्या शाईत, डावं पेन्सिलीने, म्हणजे दुरुस्तीची दुरुस्ती करता येते.

आता पुढचं. 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, शाळेत मराठी भाषा गौरव दिन असतो. त्यासाठी प्रकटवाचनाची तयारी वहीतूनच करतोय. श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीने उभी रेघ, जोर द्यायच्या शब्दाखाली आडवी. नवी वही दोनशे पानी घेणार आहे आणि शेवटची पानं शब्दसूचीसाठी राखणार आहे, अ ते ज्ञ, प्रत्येक अक्षराला अर्धं पान. क, प आणि स ला अर्धं पान पुरणार नाही असं लेक आत्ताच सांगतेय. ज्यांनी अशी सूची केली आहे त्यांनी या तीन अक्षरांना किती जागा सोडली ते जरूर कळवा.