पँथरच्या मागावर

एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय घेतला होता दलित पँथर. १९७२ साली मुंबईत संघटना उभी राहिली आणि नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीवरून घेतलं, हे सगळ्यांनाच ठाऊक. मीही ते दोन ओळींत उरकलं होतं. मॅडमनी नेमकी त्याच ओळींखाली पेन्सिलीने रेघ ओढली. "आणि ब्लॅक पँथरवाल्यांनी कुठून घेतलं? त्या वेळचा कागद दाखव."

पहिले दोन आठवडे वाया गेले. जे सापडे ते सगळं नंतरचं: पन्नाशीनिमित्तचे लेख, आठवणी, टी-शर्टांचे फोटो. चूक माझ्या शब्दांत होती. मी 'ब्लॅक' टाकून शोधत होतो आणि १९६५ पर्यंतच्या कागदांवर बहुतेक ठिकाणी 'निग्रो' छापलेलं. आज तो शब्द उच्चारायला जड जातो, पण शोधताना तो वापरला आणि सोबत 'नागरी हक्क' ऐवजी थेट गावांची, काउंट्यांची (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांची) नावं दिली, तेव्हा कुठे दार उघडलं.

सर्वांत जास्त हाती लागलं ते 'सिव्हिल राइट्स मूव्हमेंट अर्काइव्ह'मध्ये. चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांनीच जमवलेले कागद: पत्रकं, बैठकांची टिपणं, गावोगावचे अहवाल. बरेचसे सायक्लोस्टाईल, शाई फुटलेली, ओळी तिरक्या. आपल्याकडच्या लघुनियतकालिकांचे अंक ज्यांनी हाताळलेत त्यांना ते ओळखीचे वाटतील. संगणकाला मात्र ते वाचता येत नाहीत, म्हणून शोधचौकटीवर विसंबून चालत नाही. पान पान डोळ्यांनीच वाचावं लागतं.

तिथेच पँथर भेटला, ब्लॅक पँथर पार्टी जिथे निघाली त्या ओकलंडच्या आधीचा. अलाबामातली लाउंडिस काउंटी. वस्तीत दर पाचांत चार कृष्णवर्णीय, आणि १९६५ सुरू झालं तेव्हा मतदारयादीत त्यांच्यातलं एकही नाव नाही. त्या ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. विद्यार्थ्यांची 'स्निक' ही संघटना तिथे आधीपासून काम करत होती. स्निकचे स्टोकली कारमायकल आणि स्थानिक नेते जॉन ह्यूलेट यांच्या पुढाकाराने लोकांनी वेगळा पक्ष काढला. अनेकांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून मतपत्रिकेवर चिन्ह हवं. डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि त्यासोबतच्या घोषवाक्यात उघड उघड गोऱ्यांच्या वर्चस्वाचा जयघोष. ह्यांनी निवडला काळा पँथर.

म्हणजे ते निवडणूक चिन्ह होतं! मी खुर्चीतून उठलोच. माझी आजी आयुष्यभर पक्षाचं नाव न घेता 'पंजा', 'कमळ' म्हणत आली. तिला हे समजावून सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

सगळ्यांत आवडल्या त्या चित्रांच्या छोट्या पुस्तिका. शेरीफ, म्हणजे काउंटीचा निवडून येणारा पोलीसप्रमुख, कोण, त्याचं काम काय, कर ठरवणारा अधिकारी नेमकं काय करतो, हे सगळं चित्रकथेसारखं. ज्या शेरीफला बघून माणसं वाट बदलायची, ती खुर्ची आपणही लढवू शकतो, असं त्यात साध्या भाषेत सांगितलंय. नोव्हेंबर १९६६ मध्ये त्यांचे सगळे उमेदवार पडले. पण त्याच्या महिनाभर आधी ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पार्टी काढली होती, तीही हेच जनावर घेऊन.

एफबीआयच्या फायलीही पाहिल्या. अर्धी पानं काळ्या पट्ट्यांनी झाकलेली. त्याही त्या वेळच्याच, पण त्या वाचून माणसांपेक्षा पाळत ठेवणाऱ्याची धास्तीच जास्त कळते. पैसे भरून बघायचे मोठे संग्रह आमच्या ग्रंथालयात नव्हते. तिकडच्या एका विद्यापीठाला ईमेल केला. त्यांच्या यादीतला पेटी क्रमांक आणि फोल्डर क्रमांक अचूक लिहिल्यामुळे असेल, तिसऱ्या दिवशी सहा पानांचे स्कॅन आले. आधीच्या मोघम ईमेलला उत्तरच नव्हतं.

दोन ओळींचं प्रकरण एकवीस पानांचं झालं. मॅडमनी ते वाचलं आणि पुन्हा पेन्सिल उचलली. "ओकलंडहून मुंबईला हे कोणत्या कागदावरून आलं?"

सध्या मी जुन्या साप्ताहिकांच्या बांधणीतले अंक चाळतोय. धुळीने शिंका येतात.