गेथशेमानेच्या मागची चढण

2019 चा पवित्र आठवडा यरुशलेममध्ये पायी काढायचा, असं आमच्या वसईच्या गटाने ठरवलं होतं. पवित्र भूमीच्या सहली आमच्याकडून पुष्कळ जातात. बस, चर्च, फोटो, पुन्हा बस असा त्यांचा क्रम असतो. आमच्याबरोबरच्या फादरांचं म्हणणं वेगळं होतं. प्रभू येशू क्रुसावर जाण्याआधीच्या त्या आठवड्यात ज्या वाटांनी गेला-आला, त्यांतल्या आज जेवढ्या चालता येतात तेवढ्या चालायच्या, आणि ज्या वारी जे घडलं ते त्याच वारी. गटात सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी होत्या. त्यांना झेपेल का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "शेतात चालले ती काय मोजून चालले?" विषय संपला.

प्रभू शिंगरावर बसून जयजयकारात यरुशलेममध्ये आला, त्याची आठवण म्हणून झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक दुपारी बेथफगेहून निघते. जैतुनाच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला हे छोटं गाव. तिथल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये एक चौकोनी दगड जपून ठेवला आहे. शिंगरावर बसताना प्रभूने याच दगडावर पाय ठेवला, अशी जुनी श्रद्धा. दगडावर क्रुसेडच्या, म्हणजे मध्ययुगीन धर्मयुद्धांच्या काळातली चित्रं आहेत. अंगणात पोलंडचे, फिलिपिन्सचे, केरळचे, ब्राझीलचे लोक, आणि बेथलेहेम-रामल्लाहहून आलेले पॅलेस्टिनी ख्रिस्ती. हातात झावळ्या, जैतुनाच्या डहाळ्या. निघाल्यावर प्रत्येक गट आपापल्या भाषेत गाऊ लागला. पालखीत दिंड्या आपापले अभंग म्हणत जातात आणि तरी चाल एकच असते, तसं ते चालणं होतं. आम्ही मराठीत होसान्ना म्हणत होतो, पुढच्या अरबी पोरांनी मागे वळून ताल धरला.

ही मिरवणूक नवी नाही. एगेरिया नावाची एक यात्रेकरू स्त्री 380 च्या दशकात यरुशलेमला आली होती. तिने लिहून ठेवलंय, की या दिवशी लोक याच डोंगरावरून उतरत, चालता न येणारी लेकरं आईबापांच्या खांद्यावर असत आणि सगळ्यांच्या हातात झावळ्या नाहीतर जैतुनाच्या फांद्या असत. सोळाशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे वर्णन. आमच्या पुढेही एक बाप खांद्यावर मुलगी घेऊन चालला होता.

डोंगर फार उंच नाही, समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या थोडा वर. पण शहराच्या बाजूचा उतार तीव्र. पायाची बोटं चपलेत पुढे सरकतात आणि गुडघे बोलू लागतात. निम्म्या उतारावर 'दोमिनुस फ्लेवित' हे छोटं चर्च लागतं. प्रभू इथे शहराकडे पाहून रडला, त्याची आठवण. अंतोनिओ बार्लुझ्झी या इटालियन वास्तुशिल्पज्ञाने 1955 मध्ये त्याचा घुमट अश्रूच्या आकाराचा बांधला. वेदीमागे खिडकी आहे, तीतून समोर सगळं जुनं शहर दिसतं. जिथे ज्यूंचं मंदिर होतं त्या जागी आज सोन्याचा घुमट चमकतो. वेदीच्या पुढच्या अंगाला पंखांखाली पिल्लं घेतलेल्या कोंबडीचं मोझेइक आहे. कोंबडी आपली पिल्लं पंखांखाली एकवटते तसं तुझ्या लेकरांना एकवटावं असं कितीदा वाटलं, पण तुमची इच्छा नव्हती, हे त्याचे यरुशलेमविषयीचे उद्गार. लहानपणापासून माझ्या मनात झावळ्यांच्या रविवारचा येशू हसरा होता. त्या उतारावर उभं राहिल्यावर कळलं, की जयजयकार चालू असताना, नेमकं शहर समोर आल्यावर त्याचे डोळे भरून आले होते. पुढे चाळीसेक वर्षांत, इसवी सन 70 मध्ये, रोमनांनी ते मंदिर पाडलं.

मिरवणूक सिंहद्वारातून आत शिरून संत अॅनाच्या चर्चपाशी संपली.

सोमवारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मंदिराच्या आवारात प्रभूने सराफांचे चौरंग उलथवले तो दिवस. पण संध्याकाळी आमच्या यात्रीनिवासात जेवणाच्या टेबलावर पॅरिसचं नोत्र दाम जळत असल्याची बातमी आली. शेजारच्या टेबलावरचे फ्रेंच यात्रेकरू फोनकडे बघत रडत होते. मावशी उठून त्यातल्या एका बाईजवळ जाऊन बसल्या. एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बराच वेळ बसून होत्या.

मंगळवारी मंदिराच्या दक्षिणेकडच्या, उत्खननात मोकळ्या झालेल्या पायऱ्या चढलो. हेरोद राजाच्या काळातल्या या पायऱ्या आहेत. एक रुंद, एक अरुंद अशी त्यांची मांडणी. भरभर चढताच येत नाही, पाऊल जपून टाकावं लागतं. सणाला आलेले लोक इथून वर मंदिरात जात. मंदिराच्या दानपेटीत जवळच्या दोनच दमड्या टाकणारी शुभवर्तमानातली ती विधवाही अशाच कुठल्यातरी पायऱ्यांवरून गेली असेल, असं मनात येत राहिलं.

बुधवार बेथानीचा. प्रभूच्या मैत्रिणी मार्था, मरीया आणि ज्याला त्याने मेलेल्यांतून उठवलं तो त्यांचा भाऊ लाजर, यांचं गाव. शहरापासून तीनेक किलोमीटर. त्या आठवड्यात प्रभू दिवसा मंदिरात शिकवी आणि रात्री डोंगर ओलांडून या बाजूला येई. इथेच एका स्त्रीने जटामांसीचं अस्सल सुगंधी तेल त्याच्यावर ओतलं. तीनशे दीनारांचं तेल, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. आणि त्यानंतर शिष्यांपैकी यहूदा इस्कार्योत त्याला पकडून द्यायला मुख्य याजकांकडे गेला. चांदीची तीस नाणी ठरली.

ही वाट मात्र आम्हाला चालता आली नाही. बेथफगे आणि बेथानी यांच्यामध्ये आज काँक्रीटची उंच भिंत उभी आहे. तिकडच्या ख्रिस्ती लोकांना झावळ्यांच्या मिरवणुकीला परवाना काढून वळसा घालून यावं लागतं. आम्हीही बसने मोठा वळसा घेऊन गेलो. दोन घरांमधलं अंतर कापायला एवढा फेरा. प्रभू रोज संध्याकाळी मित्रांच्या घरी ज्या वाटेने जात असे ती वाट बंद पाहून मला फार वाईट वाटलं, आणि तिथे रोज राहणाऱ्यांचं काय होत असेल या विचाराने अधिक. लाजरच्या कबरीत उतरणाऱ्या पायऱ्या अरुंद आणि गुळगुळीत आहेत. आत उतरून आम्ही मराठीत प्रार्थना केली.

गुरुवारी दुपारी सियोन डोंगरावरची माडीवरची खोली पाहिली. आजची खोली क्रुसेडकाळाची, कमानी-खांबांची. पुढे तिची मशीद झाली, मक्केच्या दिशेचा कोनाडा अजून भिंतीत आहे. शेवटच्या भोजनाची जागा म्हणून इथे शतकानुशतकं लोक येतात. प्रभूने इथे शिष्यांचे पाय धुतले. उतारावर धुळीने भरलेले पाय आम्ही रविवारपासून रोज रात्री स्वतःच धूत होतो. दुसऱ्याचे असे पाय हातात घेणं काय असतं, याचा विचार त्या खोलीत टाळता येत नव्हता.

आणि मग रात्र.

भोजन झाल्यावर प्रभू शिष्यांना घेऊन किद्रोन ओहोळापलीकडे गेला, असं योहान त्याच्या शुभवर्तमानात सांगतो. आम्ही चालत खाली उतरलो. वल्हांडण हा ज्यूंचा सण पौर्णिमेला येतो आणि त्या वर्षी उत्तम शुक्रवारीच पौर्णिमा होती, त्यामुळे गुरुवारी रात्री चंद्र जवळजवळ पुरा होता. खोऱ्यात डोंगर कोरून काढलेल्या जुन्या कबरी आहेत. टोकदार शेंड्याच्या एका कबरीला लोक अबशालोमाची, म्हणजे दावीद राजाच्या मुलाची कबर म्हणतात. अभ्यासकांच्या मते ती अबशालोमाच्या कितीतरी नंतरची, पण येशूच्या काळी ती उभी असावी. म्हणजे तो त्या रात्री याच दगडी शेंड्याच्या आसपासून गेला असेल. पलीकडे गेथशेमानेची बाग, त्या रात्री तो पकडला गेला ती.

बागेत आठ फार जुनी जैतुनाची झाडं आहेत. खोडं इतकी पिळवटलेली आणि पोकळ, की एकाच झाडात तीन झाडं उभी आहेत असं वाटावं. 2012 मध्ये इटालियन संशोधकांनी जाहीर केलं, की तपासता आलेल्या तीन झाडांची खोडं बाराव्या शतकाच्या सुमाराची आहेत आणि आठही झाडं एकाच मूळ झाडाच्या कलमांतून आलेली आहेत. ती प्रभूच्या वेळची नाहीत हे ऐकून गटातले काही हिरमुसले. मला उलट बरं वाटलं. कुणीतरी नऊशे वर्षांपूर्वी एका विशिष्ट झाडाची कलमं निवडून मुद्दाम इथे लावली. त्या हातांना काहीतरी जपायचं होतं.

शेजारचं चर्च बार्लुझ्झीनेच 1924 मध्ये पुरं केलं. खिडक्यांना जांभळट दगडाच्या पातळ फरश्या, म्हणून भर दुपारीसुद्धा आत रात्रच वाटते. वेदीपुढे उघडा खडक आहे, भोवती काटेरी मुकुटासारखं लोखंडी कुंपण. गुरुवारी रात्री इथे जागरणाची प्रार्थना होते आणि खडकावर लाल गुलाबाच्या पाकळ्या पसरतात. मावशींनी वाकून खडकाला हात लावला. बोटाला पाकळी चिकटून आली, ती त्यांनी पुन्हा खडकावर ठेवली.

बाहेर आलो तेव्हा समोर, खोऱ्याच्या पलीकडे, शहराचा तट चांदण्यात लख्ख दिसत होता. दरवाजातून उतरणारी माणसंही दिसत होती, त्यांच्या हातातल्या मेणबत्त्यांसकट. तेव्हा एकदम लक्षात आलं, की त्याला पकडायला आलेले लोक मशाली आणि दिवे घेऊन आले होते. अशी टोळी शहरातून निघाली, की खोरं उतरून बागेत पोहोचेपर्यंत इथे बसलेल्याला ती दिसत राहणारच. शिष्य झोपले होते. तो जागा होता. त्याने ते दिवे खाली उतरताना पाहिले असणार, मग वर चढताना. शुभवर्तमान वाचताना तो प्रसंग झटकन घडतो. तिथे उभं राहिल्यावर मधला तो सगळा वेळ जाणवतो.

गटातल्या एका तरुणाने फादरांना विचारलंच, "फादर, मग तो निघून का नाही गेला? यहूदाला ही जागा ठाऊक होती, हे त्यालाही ठाऊक होतं."

फादर म्हणाले, "अरे, मागे चढण आहे ना, ती शनिवारी आपण चढू. मग बोल."

त्यानंतर मेणबत्त्या घेऊन सगळे गालिकान्तूच्या चर्चकडे निघाले. मुख्य याजक कयफाचा वाडा इथे होता असं मानतात, आणि शिष्य पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं तेही इथेच. बाजूला जुन्या दगडी पायऱ्यांचा रस्ता आहे, सियोनवरून किद्रोनकडे उतरणारा. येशूच्या काळातला तो असावा, असं बरेच जण मानतात. त्याच रात्री तो इथून मोकळा उतरला असेल आणि काही तासांनी बांधलेल्या हातांनी वर आणला गेला असेल. एगेरियाने लिहिलंय, की तिच्या वेळी गेथशेमानेत त्याच्या अटकेचा उतारा वाचला, की लोकांचा आक्रोश पार शहरापर्यंत ऐकू जाई. आमच्यात कुणी मोठ्याने रडलं नाही. पण बोलत कुणीच नव्हतं.

शुक्रवारी क्रुसाची वाट आम्ही पहाटेच धरली, नंतर गर्दीत शिरता येत नाही म्हणून. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजचा विया दोलोरोसा हा मार्ग मध्ययुगीन यात्रेकरूंच्या भक्तीतून ठरत गेला. रोमन सुभेदार पिलाताने येशूचा न्याय केला तो हेरोदाच्या राजवाड्यात, म्हणजे आजच्या याफा दरवाजाजवळ, असं पुष्कळ अभ्यासकांना वाटतं. पिलाताने 'पाहा हा मनुष्य' म्हटलं ती जागा म्हणून दाखवतात ती कमान रोमन सम्राट हाद्रियानच्या काळची, शंभर वर्षांनंतरची. त्या वेळचे रस्ते आजच्या फरशीच्या खाली गाडले गेले आहेत. माझ्या श्रद्धेला याने काही उणं आलं नाही. इतक्या पिढ्यांनी गुडघे टेकलेली वाट मला पुरेशी पवित्र आहे. पण म्हणूनच किद्रोनची वाट मला जास्त जवळची वाटली: गल्ल्या बदलतात, खोरं आणि डोंगर तिथेच असतात.

क्रुसाच्या वाटेवरच्या चौदा ठिकाणांपैकी पाचव्या ठिकाणी, प्रभूचा क्रूस वाहायला लावलेल्या कुरेनेकर शिमोनाच्या छोट्या प्रार्थनाघरापाशी, भिंतीत एक दगड आहे. हात टेकून टेकून त्याला तळव्याएवढा खळगा पडलाय, कडा गुळगुळीत आणि काळ्या. मावशींनी तळवा त्यात ठेवला. मार्क म्हणतो, शिमोन रानातून येत होता. "बिचारा शेतावरून घरी चाललेला," मावशी म्हणाल्या, "आणि धरलं त्याला." त्यांना त्या माणसाची खरोखर काळजी वाटत होती. घरी वाट बघत असतील, म्हणाल्या. दोन मुलगे होते त्याला, आलेक्सांद्र आणि रूफ, मार्कने नावंसुद्धा दिली आहेत.

शेवटची पाच ठिकाणं पवित्र कबरेच्या चर्चमध्ये आहेत. उजव्या हाताच्या उभ्या पायऱ्या चढून गुलगुथावर, म्हणजे क्रुसाच्या जागी जायचं. ग्रीक वेदीखाली एक भोक आहे, गुडघ्यांवर बसून त्यात हात घातला की बोटांना खडक लागतो. रांग मोठी होती आणि मागून रेटा होता. मी हात घातला आणि काहीही मागितलं नाही. मागायला गेले होते बरंच काही.

त्या संध्याकाळी शहरात वल्हांडणाचं भोजन होतं. सूर्य मावळताना ज्यू कुटुंबं नवे कपडे घालून लगबगीने घरी निघाली होती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारीही लोक असेच घाईत असतील.

शनिवारी सकाळीच पवित्र कबरेत पुनरुत्थानाची जागरण-मिस्सा होते, तिथल्या जुन्या ठरलेल्या व्यवस्थेमुळे. ती आटोपून आम्ही पुन्हा गेथशेमानेला आलो आणि मागची चढण धरली. मावशी दोनदा टेकल्या, तरी अर्ध्या तासाच्या आसपास आम्ही माथ्यावर होतो. माथ्यावरून पूर्वेकडे पाहिलं, की घरं संपतात आणि यहूदीया प्रांताचं ओसाड रान सुरू होतं. पिवळट, उघड्या टेकड्या एकामागे एक खाली उतरत जातात, पार मृत समुद्रापर्यंत. हवा स्वच्छ असली की पलीकडे मवाबचे डोंगर दिसतात. त्या रानात शिरलेल्या माणसाला रात्री शोधून काढणं कुणालाही जमलं नसतं. वाटेत बेथानी होतं, मार्थेचं घर होतं.

तिथे फादरांनी शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला 15 वा अध्याय काढून वाचला. अबशालोमाने बंड केल्यावर दावीद राजा शहर सोडून निघाला, किद्रोन ओलांडून, अनवाणी, डोकं झाकून, रडत रडत जैतुनाचा डोंगर चढला आणि रानाकडे गेला. जीव वाचवायची हीच वाट होती, आणि ती सगळ्यांना पाठ होती. दाविदाचा पुत्र म्हणून ज्याचा रविवारी जयजयकार झाला, तो गुरुवारी रात्री तोच ओहोळ ओलांडून आला, त्याच चढणीच्या पायथ्याशी बसला, आणि वर चढला नाही.

तरुण बराच वेळ रानाकडे पाहत होता. मग फादरांकडे वळून म्हणाला, "फादर, अर्धा तास. फक्त अर्धा तास लागला असता त्याला."

"हो," फादर म्हणाले. "आणि तो खाली बसून प्रार्थना करत होता."