पोच्या भाड्याच्या घरांमधून

अमेरिकन लेखक एडगर ॲलन पोची घरं बघायला निघायचं तर आधी वेळा बघाव्या लागतात. घरं छोटी, वेगवेगळ्या शहरांत विखुरलेली आणि रोज उघडी नसलेली. फिलाडेल्फियातलं घर नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याकडे आहे. तिथे तिकीट नाही, पण आठवड्यातले मोजकेच दिवस ते उघडतं. आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर ही तिन्ही ठिकाणं ट्रेनने जमण्यासारखी. त्याच्या आयुष्याच्या क्रमाने जायचा हट्ट मी सोडला. जे जेव्हा उघडं, तेव्हा तिथे गेलो.

फिलाडेल्फियाच्या घरात सामानच नाही. पोचं सामान नेमकं कसं होतं हे माहीत नाही म्हणून खोल्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत, भिंतींचा गिलावा जागोजागी उडालेला. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. खोटं टेबल आणि खोटा टाक मांडून ठेवला असता तर मी पाच मिनिटांत बाहेर पडलो असतो. तळघरात मात्र पाय निघेना. त्याची ‘द ब्लॅक कॅट’ ही कथा १८४३ सालची, म्हणजे तो इथे राहायचा त्याच सुमाराची. त्या कथेतला नवरा बायकोचं प्रेत तळघराच्या भिंतीत चिणतो, धुराड्यासाठी पुढे काढलेला आणि नंतर बुजवलेला भाग असतो तिथे. इथल्या भिंतीलाही तसाच पुढे आलेला भाग आहे. जवळ गेलं की विटांचा दमट वास येतो.

त्याच शहरात, फ्री लायब्ररीच्या दुर्मीळ पुस्तकांच्या विभागात, काचेआड चार्ल्स डिकन्सचा पाळलेला डोमकावळा पेंढा भरून ठेवलाय. नाव ग्रिप. डिकन्सने त्याला कादंबरीत आणलं, पोने त्या कादंबरीचं परीक्षण लिहिताना या पक्ष्याचा आणखी उपयोग करून घेता आला असता असं म्हटलं आणि १८४५ मध्ये स्वतःची ‘द रेव्हन’ (म्हणजे डोमकावळा) ही कविता छापली. वेळ काढून बघावाच.

पण एकच जागा बघायची असेल तर ब्रॉन्क्सला जा. डी ट्रेनने किंग्जब्रिज रोडला उतरलं की ग्रँड कॉनकोर्सच्या गजबजाटात, छोट्या बागेत, पांढरं लाकडी घर दिसतं. मूळ जागेवरून ते १९१३ मध्ये इथे हलवलं. १८४६ मध्ये पो इथे आला तेव्हा हे फोर्डहॅम गाव होतं आणि बायको व्हर्जिनिया क्षयाने खंगत चालली होती. तळमजल्यावरची तिची खोली इतकी अरुंद की पलंगाशेजारी धड उभं राहायला जागा नाही. भेटायला आलेल्या एका बाईंनी लिहून ठेवलंय: गवताची गादी, कडाक्याची थंडी, अंगावर नवऱ्याचा जुना ओव्हरकोट आणि छातीवर ऊब द्यायला बसलेली मांजर. नवरा हात धरून बसायचा, तिची आई पाय. ३० जानेवारी १८४७ ला ती गेली.

वय २४. पोची आईसुद्धा २४ व्या वर्षीच गेली आणि थोरला भाऊ हेन्रीही. तिघांचाही घास क्षयाने घेतला असं मानतात. आपल्याकडे पो म्हटलं की दारू, वेड आणि भुतंखेतं. त्या प्रतिमेचा बराचसा भाग ग्रिसवोल्ड नावाच्या वैऱ्याने तो मेल्यावर लिहिलेल्या मजकुरातून आलाय. ती खोली पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं: त्याच्या कथांमधल्या मरणाऱ्या तरुण बायका त्याने कल्पनेतून आणलेल्या नाहीत. घरातली खोकल्याची उबळ ऐकत त्याने ते सगळं लिहिलंय.

बाल्टिमोरला ॲमिटी स्ट्रीटवरच्या घरात माळ्याकडे जाणारा जिना इतका चिंचोळा की खांदे तिरके करावे लागतात. गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा. तिथून पोची कबर बघायला वेस्टमिन्स्टरच्या दफनभूमीत गेलो. दर्शनी कोपऱ्यातलं स्मारक १८७५ चं. त्यासाठी शाळेतल्या मुलांनीही पैसे जमवले होते, म्हणून लोक अजून त्यावर सेंटची नाणी ठेवतात. आम्हीही ठेवली. स्मारकावर जन्मतारीख २० जानेवारी कोरलीय, खरी १९. आधीची कबर मागच्या बाजूला आहे, तिच्या दगडावर डोमकावळा. व्हर्जिनियाच्या अस्थी १८८५ मध्ये इथे आणल्या, आता ती त्याच्याजवळ आहे आणि तिची आई मारिया क्लेमही.

पोची आई मात्र इथे नाही. ती रिचमंडला, सेंट जॉन्स चर्चच्या आवारात आहे. पुढची सुट्टी त्यासाठी ठेवलीय.